आजोबांच्या वहीतील ‘०२४० गनलाइन’ : युद्धकाळात पुरवठा-जहाजावरचा तरुण नौसैनिक नेमके काय करीत असे?

तुम्ही लिहिले आहे की, तुमचे आजोबा ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातून १९६९ साली, वयाच्या सतराव्या वर्षी नौदलात भरती झाले, १९७१ च्या युद्धात ते पश्चिम किनाऱ्यावर नौदलाच्या एका तेलवाहू जहाजावर होते, आणि गेल्या वर्षी ते वारल्यानंतर त्यांच्या पेटीत तीन पदके व एक लहान वही सापडली. थोरले काका म्हणतात की, बाबा तेलाच्या जहाजावर होते, त्यांनी लढाई पाहिली कुठे? वहीतही लढाईचे वर्णन नाही, फक्त वेळा आणि आकडे आहेत. त्यातील एक नोंद तुम्ही उतरवून पाठवली आहे : ‘७ डिसें. ०२१५ क्लोज्ड अप. ०२४० गनलाइन. ०२५८ होज कनेक्टेड. ०३०५ पंपिंग. ०४१५ स्टॉप, १८५. ०४४० ऑल क्लिअर. चहा गार. ०५०० पुन्हा क्लोज्ड अप.’ या नोंदीचा अर्थ काय, हे काम धोक्याचे होते का, आणि आजोबांच्या सेवेविषयी आणखी माहिती कुठे मिळेल, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

मी नौदलात सीमन शाखेत होतो, मास्टर चीफ पेटी ऑफिसर म्हणून निवृत्त झालो आणि आता नेरूळला राहतो. माझ्या सेवेची बरीच वर्षे समुद्रात एका जहाजावरून दुसऱ्या जहाजाला तेल, दारूगोळा आणि शिधा पोहोचवण्याच्या कामात गेली. १९९९ साली कारगिल युद्धाच्या वेळी नौदलाने ‘ऑपरेशन तलवार’ हाती घेतले आणि पूर्वेकडचा ताफाही अरबी समुद्रात आला, तेव्हा मी अशाच एका जहाजाच्या डेकवर होतो. त्यामुळे तुमच्या आजोबांची ती ओळ मी वाचली, तेव्हा मला आकड्यांच्या जागी त्या रात्रीचा डेक दिसला. तो तुम्हालाही दिसावा म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी त्या कामाची गरज सांगतो, कारण घरात झालेला गैरसमज तिथूनच सुरू होतो. १९७१ साली आपल्या बहुतेक मोठ्या युद्धनौका वाफेवर चालत आणि त्यांच्या बॉयलरमध्ये फर्नेस ऑइल जळत असे. जहाजाचा वेग दुप्पट करायचा तर त्याला साधारण आठपट शक्ती लागते, हा समुद्रावरचा जुना हिशेब आहे. शांततेच्या काळात संथपणे फिरणारी फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची युद्धनौका, आठवडाभर पुरेल एवढ्या तेलावर निघते. तीच फ्रिगेट पाणबुडीच्या मागे पूर्ण वेगाने धावू लागली की टाक्यांची पातळी डोळ्यांदेखत उतरते. त्या काळच्या फ्रिगेटमध्ये एकूण तेल मावे ते अडीचशे ते साडेचारशे टनांच्या आसपास. शत्रू केव्हा गाठ पडेल हे ठाऊक नसल्यामुळे कोणताही कप्तान टाक्या निम्म्याहून खाली जाऊ द्यायला तयार नसतो. शिवाय तळाच्या टाक्या रिकाम्या झाल्या की जहाज हलके होऊन लाटांवर अधिक कलंडू लागते. तेल घ्यायला दर वेळी मुंबईला परतायचे तर जाण्यायेण्यातच युद्ध संपून जाईल. म्हणून तेलच समुद्रात न्यावे लागते, आणि ते नेणारे जहाज जिथवर पोहोचू शकते, तिथवरच ताफ्याची लढण्याची मर्यादा असते.

४ डिसेंबरला नौसेना दिन साजरा होतो तो कराचीवरील ‘ऑपरेशन ट्रायडंट’च्या स्मरणार्थ. त्या मोहिमेतील निपात, निर्घात आणि वीर या तीन क्षेपणास्त्र नौकांची नावे शाळेतली मुलेही सांगतात. त्यांच्यासोबत किल्तान आणि कच्छल या दोन पाणबुडीविरोधी नौका होत्या, आणि ‘पोषक’ नावाचे एक तेलवाहू जहाजही त्या मोहिमेचा भाग होते. क्षेपणास्त्र नौका आकाराने लहान आणि कमी पल्ल्याच्या होत्या, बंदरांच्या रक्षणासाठी बनवलेल्या होत्या. त्यांना कराचीच्या दाराशी नेऊन परत आणण्याच्या आखणीत तेल हा पहिल्या ओळीतला प्रश्न होता. भाषणांमध्ये ‘पोषक’चे नाव क्वचितच येते, याचे मला दर वर्षी वाईट वाटते.

आता वहीकडे येऊ.

‘०२१५ क्लोज्ड अप’ म्हणजे रात्री सव्वादोनला सर्व जण आपापल्या जागी हजर. त्यापूर्वी कोणी झोपले असेल तर ते अंगातल्या कपड्यांसकट. युद्धात जहाज रात्री पूर्ण अंधारात चालवले जाते. एकही पोर्टहोल उघडे नाही, डेकवर विडीची ठिणगीसुद्धा नाही. नाविकांच्या राहण्या-झोपण्याच्या बंद मेसडेकमधल्या उकाड्यातून एकोणीस वर्षांचा मुलगा लाइफ जॅकेट चढवून वर येतो तेव्हा त्याला आधी काहीच दिसत नाही. डोळे अंधाराला सरावायला वेळ लागतो, तोवर तो हाताने चाचपत, पावलांनी मोजत दोर ओढण्याच्या यंत्रापाशी, म्हणजे आपल्या विंचपाशी, किंवा दोराच्या वेटोळ्यापाशी पोहोचतो. तुमचे आजोबा कोळीवाड्यातले होते याचा त्यांना इथे उपयोग झाला असणार. अंधारात दोर ओळखणे, ओला दोर हातात कसा धरायचा, गाठ कुठे पडली आहे हे बोटांना कळणे, या गोष्टी आम्हा देशावरून आलेल्या मुलांना वर्षभर शिकाव्या लागल्या. खाडीकाठच्या मुलांना त्या घरूनच येत.

तेल घेणारे जहाज मागून येते आणि तेलवाहू जहाजाच्या बरोबर बाजूला, शंभर ते दीडशे फुटांवर समांतर चालू लागते. दोन्ही जहाजे साधारण १२ नॉट वेगाने, म्हणजे ताशी सुमारे २२ किलोमीटरने पुढे जात असतात आणि ते अंतर तासभर किंवा त्याहून अधिक काळ तसेच राखायचे असते. दोन मोठी जहाजे इतकी जवळ आली की त्यांच्यामधले पाणी साधे राहत नाही. जहाजाच्या पुढच्या टोकापाशी, म्हणजे नाळेपाशी, ते ढकलते आणि मधल्या भागात ओढते, त्यामुळे सुकाणूवरचा नाविक क्षणभर जरी चुकला तरी जहाजे एकमेकांकडे खेचली जातात. तेल देणारे जहाज आपली दिशा आणि वेग काटेकोर सांभाळते, आणि दुसरे जहाज त्याच्या अनुरोधाने अर्ध्या अर्ध्या अंशाने, इंजिनाच्या एकेका फेऱ्याने स्वतःला जुळवून घेत राहते.

‘०२४० गनलाइन’ हा पहिल्या दोरीचा क्षण. एका जहाजावरून रायफलने बारीक दोरी बांधलेला दांडा दुसऱ्या जहाजावर झाडतात. आधी शिट्टी होते, पलीकडून उत्तराची शिट्टी येते, सगळे आडोशाला जातात आणि मग बार होतो. त्या बारीक दोरीला जाड दोरी, तिला आणखी जाड दोरी, तिच्याबरोबर दोन जहाजांमध्ये बोलण्यासाठी टेलिफोनची तार, अंतर मोजण्याची खुणांची दोरी, मग पोलादी वायर आणि शेवटी होज, म्हणजे तेलाची जाड नळी, अशा क्रमाने सगळे पलीकडे ओढून नेले जाते. ‘०२५८ होज कनेक्टेड’ याचा अर्थ, गनलाइनपासून होज जोडेपर्यंत अठरा मिनिटे लागली. अंधारात, त्या काळच्या डेरिक-विंचच्या साधनांनी, अठरा मिनिटे हे फार चांगले काम आहे. ज्या डेकने हे केले तो उत्तम तयारीचा होता, आणि आजोबांनी ती वेळ मिनिटाबरहुकूम लिहून ठेवली, कारण त्यांनाही त्याचा अभिमान होता.

याच अठरा मिनिटांत सर्वांत जास्त माणसे जखमी होतात. लाटेने दोन जहाजे उलट दिशांना झुकली की मधली वायर सैल पडते आणि दुसऱ्याच क्षणी ताठ होते. ताणलेली वायर तुटली तर तिचे टोक डेकवरून चाबकासारखे फिरते आणि मध्ये जे येईल ते तोडते. दोराच्या वेटोळ्यात पाय ठेवून कधीही उभे राहायचे नाही, हा नियम आम्हाला पहिल्या दिवशी सांगितला जातो आणि तरीही तो एकदा तरी मोडला जातो. मी कोवळा असताना एका रात्री माझा पाय असाच वेटोळ्यात होता आणि मला ते कळले नव्हते. आमच्या चीफने, म्हणजे डेकवरच्या अनुभवी वरिष्ठ नाविकाने, मला कॉलर धरून मागे खेचले, आणि मी पडलो त्याच क्षणी ते वेटोळे सळसळत समुद्रात गेले. त्यांनी मला रागावायलाही वेळ घेतला नाही, पुढचा दोर हातात दिला. तुमच्या आजोबांच्या डेकवर असा एखादा चीफ असणारच. कोणताही डेक अशा माणसाशिवाय चालत नाही.

‘०३०५ पंपिंग’ ते ‘०४१५ स्टॉप, १८५’ म्हणजे सत्तर मिनिटांत बहुधा १८५ टन तेल गेले. त्या काळच्या फ्रिगेटच्या टाकीचा हा मोठा हिस्सा आहे. तेल घेणारे जहाज खूप धावून आले होते किंवा खूप धावायला निघाले होते. फर्नेस ऑइल घट्ट असते, ते वाफेच्या नळ्यांनी तापवून पातळ करावे लागते, म्हणजे वर डेकवर ही मंडळी उभी असताना खाली पंपाच्या खोलीत दुसरी मंडळी उकाड्यात दाब सांभाळत आणि टाक्यांची पातळी मोजत होती. डेकवरच्या माणसाला या सत्तर मिनिटांत काम थोडे आणि लक्ष फार द्यावे लागते. वायरचा ताण पाहायचा, होजचा झोळ पाण्याला टेकत नाही ना ते पाहायचे, पलीकडच्या टॉर्चची खूण चुकवायची नाही. आणि जवळ एक कुऱ्हाड असते. पाणबुडी किंवा विमान आल्याची खबर मिळाली, तर जहाजाचा भोंगा लागोपाठ तोकडे सूर देतो आणि तातडीने सुटका करून घ्यायची असते; एरवी पंचवीस मिनिटे घेणारे काम तेव्हा मिनिट-दोन मिनिटांत उरकायचे आणि जे सुटत नाही ते तोडायचे.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर या सत्तर मिनिटांतच आहे. युद्धनौका पाणबुडीच्या टापूत असताना वाकडीतिकडी वळणे घेत जाते, वेग बदलते. तेल देता-घेताना दोन्ही जहाजांना सरळ रेषेत, एकाच वेगाने, एकमेकांना बांधलेल्या अवस्थेत चालावे लागते. पाणबुडीच्या कप्तानाला याहून सोपे लक्ष्य मिळणार नाही. युद्धनौकेकडे निदान तोफा आणि पाणबुडीनाशक अस्त्रे तरी असतात. तेलवाहू जहाजाकडे फारसे काही नसते आणि पोटात हजारो टन तेल असते. टाकी रिकामी झाली म्हणून धोका टळला असेही नाही, कारण रिकाम्या टाकीत साचलेली तेलाची वाफ भरलेल्या टाकीतल्या तेलापेक्षा लवकर पेट घेऊ शकते. भर म्हणून युद्धात रेडिओवर मौन पाळले जाते. भेटीची जागा आणि वेळ आधी ठरलेली असते. तेलवाहू जहाज तिथे जाऊन थांबते, कधी कधी एकटेच, आणि येणाऱ्या जहाजाची वाट पाहते. मला विचाराल तर सर्वांत कठीण वेळ हीच. १९९९ मध्ये आमच्यावर कोणी हल्ला केला नाही, पण काळोखात संथ फिरत राहण्याचे ते तास मला आजही होज जोडण्याच्या धांदलीपेक्षा अधिक आठवतात.

शत्रूला पुरवठा-जहाजाचे मोल तुमच्या काकांपेक्षा नेहमीच अधिक चांगले कळलेले आहे. हे मी त्यांचा मान राखूनच म्हणतो. त्याच युद्धात ८ डिसेंबरच्या रात्री ‘ऑपरेशन पायथन’मध्ये आपल्या ‘विनाश’ या नौकेने कराचीवर क्षेपणास्त्रे सोडली, तेव्हा जबर नुकसान झालेल्या जहाजांत पाकिस्तानी नौदलाचे ‘ढाका’ हे तेलवाहू जहाज होते, आणि कराची बंदरातील केमारीच्या तेलाच्या टाक्या पेटल्या त्याही याच कारणाने महत्त्वाच्या होत्या. दुसऱ्या महायुद्धात, मे १९४२ मध्ये कोरल समुद्रात, अमेरिकेचे ‘निओशो’ हे तेलवाहू जहाज जपानी विमानांनी विमानवाहू नौका समजून गाठले. सोबतची ‘सिम्स’ ही विनाशिका बुडाली आणि ‘निओशो’ मोडक्या अवस्थेत चार दिवस समुद्रावर वाहत राहिले. तेल नेणाऱ्यांना लढाई चुकते, असे या जहाजांवरच्या कोणालाही वाटले नसेल.

तुम्ही पत्रात जाता जाता लिहिले आहे की, १० डिसेंबरच्या पानावर ‘खुकरी’ एवढा एकच शब्द आहे. ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळच्या समुद्रात ‘हंगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीने आपली फ्रिगेट ‘खुकरी’ बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्याबरोबर गेले. ती बातमी दुसऱ्या दिवशी ताफ्यातल्या जहाजांवर पोहोचली असणार. तेलवाहू जहाजावरच्या माणसांचे ताफ्यातील प्रत्येक जहाजाशी नाते असते. होज जोडलेला असताना शंभर फुटांवरून तोंडे दिसतात, कोणी गाववाला निघतो, कोणी हात हलवतो, दोरीवरून टपालाच्या पिशव्या जातात. त्या पानावर एकच शब्द का आहे, हे मला समजावून सांगता येणार नाही, पण त्या समुद्रात त्याच आठवड्यात सरळ रेषेत चालणाऱ्या जहाजावर ते उभे होते, एवढे मनात ठेवून तो शब्द वाचा.

‘०४४० ऑल क्लिअर. चहा गार. ०५०० पुन्हा क्लोज्ड अप.’ होजमधले तेल हवेच्या दाबाने साफ करून, सगळे दोर परत घेऊन, पहिले जहाज पावणेपाचच्या सुमारास सुटले, आणि वीस मिनिटांत दुसऱ्या जहाजासाठी सगळे पुन्हा जागेवर. उजाडल्यावर ही मुले झोपत नाहीत. दिवसाची वॉच, म्हणजे कामाची पाळी, असते, दोर पुन्हा वेटोळे करून ठेवायचे असतात, डेकवर सांडलेले तेल पुसायचे असते, कारण पुढच्या रात्री त्यावरच पाय घसरणार असतो. दुसऱ्या जहाजांना गोडे पाणी देणाऱ्या आमच्या जहाजावर आमच्या अंघोळीच्या पाण्याचे मात्र माप ठरलेले असे.

आता पदकांविषयी, कारण काकांना देण्याचे उत्तर त्यात आहे. १९७१ च्या युद्धकाळात सेवेत असलेल्यांना ‘संग्राम पदक’ मिळाले. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सेवेत असलेल्यांना स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाचे पदक मिळाले. ही दोन गोल आहेत. तिसरे तुम्ही पाच टोकांच्या ताऱ्यासारखे आहे असे लिहिले आहे. तो ‘पश्चिमी स्टार’ असणार, आणि तो पश्चिमेकडच्या युद्धक्षेत्रात प्रत्यक्ष सेवा केलेल्यांनाच दिला गेला. त्या ताऱ्यात तोफेवरचा नाविक आणि होजवरचा नाविक असा भेद नाही. पदकाच्या कडेवर किंवा मागे क्रमांक आणि नाव कोरलेले असते, भिंगाने पाहा. पॉलिश करू नका, घासल्याने अक्षरे पुसट होतात. कोरलेला क्रमांक स्वच्छ कागदावर उतरवून घ्या, पुढच्या सगळ्या कामाला तोच लागतो.

नोंदींसाठी तुम्हाला फार लांब जायचे नाही. नौसैनिकांच्या सेवेच्या नोंदी मानखुर्दच्या चीता कॅम्पमधील ‘ब्युरो ऑफ सेलर्स’कडे असतात आणि निवृत्तिवेतनाचे काम तिथूनच जवळ, ‘आयएनएस तानाजी’मधील नेव्हल पेन्शन ऑफिसकडे असते. अर्ज तुमच्या नावाने न करता आजीच्या नावाने आणि आजीच्या सहीने करा, कारण कुटुंबनिवृत्तिवेतन त्यांना मिळते आणि नोंदी मागण्याचा हक्क आधी त्यांचा आहे. सोबत पेन्शनच्या आदेशाची प्रत, मृत्यूचा दाखला आणि सेवा-क्रमांक जोडा. अर्जात ‘सेवेची सर्व माहिती’ असे मोघम लिहू नका. ‘ऑक्टोबर १९७१ ते मार्च १९७२ या काळात कोणत्या जहाजावर नेमणूक होती’ एवढेच नेमके विचारा, उत्तर येण्याची शक्यता वाढते. त्याआधी घरातच शोधा. निवृत्त होताना प्रत्येक नौसैनिकाला सेवेचे प्रमाणपत्र मिळते आणि त्यात जहाजांची नावे तारखांसह असतात. ते बहुतेक घरांत रेशनकार्डाच्या जुन्या पिशवीतच निघते. अर्ज लिहायला मदत लागली तर ठाण्याचे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय ती देते.

एक विनंती आहे. जहाजाचे नाव कागदावर मिळेपर्यंत आजोबा अमुक मोहिमेत होते असे कोणाला सांगू नका, एखाद्या जाहीर कार्यक्रमात तर नकोच. लोक लगेच कराचीशी नाते जोडू पाहतात. आजोबांनी वहीत एकही गोष्ट वाढवून लिहिलेली नाही, त्यांच्याविषयी सांगतानाही ती वाढवली जाऊ नये.

वहीची सर्व पाने दिवसाच्या उजेडात फोटो काढून ठेवा. पेन्सिलचे अक्षर दमट हवेत लवकर विरते. आणि पाने पाहताना कुठे ‘अस्टर्न’ असा शब्द दिसतो का ते मला कळवा. होज बाजूने न देता जहाजाच्या मागे पाण्यात सोडून तेल दिले की तसे लिहितात. खराब हवामानात किंवा लहान नौकेला तेल देताना ही पद्धत वापरतात. तो शब्द, त्यापुढची तारीख आणि टनांचा आकडा एकत्र मिळाला, तर त्या रात्री होजच्या दुसऱ्या टोकाला केवढी नौका होती याचा अंदाज आपल्याला बांधता येईल.